सहा जणांच्या समुपदेशन केंद्रासाठी ईमेल आणि नियोजनाची साधनं कशी निवडावीत?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्याच्या गावी तुमचं सहा जणांचं समुपदेशन केंद्र आहे. घरात मारहाण, छळ सोसणाऱ्या स्त्रिया तिथे येतात. सध्या एकच मोफत ईमेल खातं सगळे मिळून वापरतात, भेटींच्या वेळा एका ऑनलाइन शीटमध्ये आहेत, बाकी सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. कोणाचीही माहिती बाहेर जाऊ नये अशी साधी साधनं तुम्हाला हवी आहेत, आणि तुमच्याकडे संगणकातलं जाणणारं कोणी नाही.

छोट्या संस्थांना अशी व्यवस्था लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या कामात पहिला प्रश्न नेहमी ‘सगळ्यात सुरक्षित ईमेल कोणती’ हाच येतो. तुमच्या बाबतीत मी तो दुसऱ्या नंबरवर ठेवेन. आधी हे बघा, की तुमच्याकडे येणाऱ्या बाईला धोका कोणाकडून आहे. जाहिरातींच्या कंपनीकडून तिला त्रास होईल, पण पुढे कधीतरी. आज तिला धोका आहे तो तिचा फोन हातात घेणाऱ्या माणसाकडून. अनेक घरांत बाईच्या फोनमधलं गुगल खातं नवऱ्याने किंवा दिराने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड त्यालाच माहीत असतो. तुम्ही जगातली सगळ्यात भक्कम ईमेल सेवा घेतलीत तरी पत्र शेवटी त्याच फोनवर उघडतं.

म्हणून सगळ्यात आधी एक नियम करा: येणाऱ्या स्त्रियांशी ईमेलवर बोलायचं नाही, जोपर्यंत ती स्वतः सांगत नाही की हा पत्ता फक्त माझा आहे. पहिल्या भेटीत तिला विचारून घ्या की कोणत्या नंबरवर, कोणत्या वेळी फोन केलेला चालेल, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं, मेसेज टाकलेला चालेल का. हे उत्तर तुमच्या नोंदवहीत हवं, आणि सहाही जणांनी ते पाळायला हवं.

ज्यांना ईमेल पाठवायची आहे त्यांच्यासाठी पाठवणाऱ्याचं नाव नीट पाहा. खात्याच्या सेटिंगमध्ये जे नाव असतं तेच समोरच्याच्या फोनच्या पडद्यावर, लॉक असतानाही, विषयासकट झळकतं. संस्थेच्या नावात ‘महिला अत्याचार’ किंवा ‘हिंसाचार’ असे शब्द असतील तर ते तिथे दिसतील. एखादं साधं, संस्थेचं काम न सांगणारं नाव ठेवा, विषयात ‘भेट’ किंवा ‘कागदपत्रं’ एवढंच लिहा. कॅलेंडरचं निमंत्रण तर अजिबात पाठवू नका. तुम्ही ‘इन्व्हाइट’ पाठवलंत की बऱ्याच फोनमध्ये ते आपोआप कॅलेंडरमध्ये जाऊन बसतं आणि भेटीच्या अर्धा तास आधी घंटा वाजते. तेव्हा फोन कोणाच्या हातात असेल हे आपल्याला माहीत नसतं.

हे सगळं ‘साधनं’ या विषयाच्या बाहेरचं वाटेल. माझ्या अनुभवात मात्र माहिती बहुतेक वेळा अशाच वाटांनी बाहेर जाते. कंपनीचा सर्व्हर फोडून कोणी तुमची माहिती नेणं त्या मानाने फार दुर्मीळ.

आता आजच करायची गोष्ट. ती शीट उघडा आणि ‘शेअर’मध्ये काय लिहिलं आहे ते बघा. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ असं असेल तर ताबडतोब ते बंद करून फक्त सहा जणांचे पत्ते घाला. ती लिंक ग्रुपवर टाकलेली असते, ग्रुपमध्ये काम सोडून गेलेले दोघंतिघं अजून असतात, कोणीतरी ती स्वतःच्या घरच्यांना पुढे पाठवलेली असते. नियोजनाच्या पाट्यांचंही तसंच. ट्रेलो या अशा पाट्यांच्या (बोर्डांच्या) साधनावर पाटी ‘पब्लिक’ ठेवली की ती शोधयंत्रात सापडू शकते, आणि जगभरातल्या कंपन्यांची, संस्थांची अंतर्गत कामं, पासवर्डसुद्धा, अशा पाट्यांवर उघडे सापडलेले आहेत. त्यात ट्रेलो फोडलेलं नव्हतं. कोणीतरी सोय म्हणून पाटी उघडी ठेवली होती, इतकंच.

त्यानंतर शीटमधले रकाने बघा. नाव, गाव, फोन, नवऱ्याचं नाव, तक्रारीचं स्वरूप, पुढची तारीख असं सगळं एका ओळीत असेल. भेटींचं नियोजन करायला यातलं काय लागतं? तारीख, वेळ, कोणती समुपदेशक, कोणती खोली आणि त्या बाईचा नोंदवहीतला क्रमांक. बाकी सगळं नोंदवहीत, कुलपाच्या कपाटात. कागद जुनाट वाटतो म्हणून संस्था घाईने सगळं ऑनलाइन नेतात. कपाटातली वही मुंबईहून किंवा अमेरिकेतून कोणी उघडू शकत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. एकदा ऑनलाइन फक्त ‘क्र. १७, दुपारी ३, खोली २’ एवढंच उरलं की साधन कोणतं घ्यायचं हा प्रश्न निम्म्याने हलका होतो. मी सगळ्या संस्थांना हेच आधी करायला लावतो: काय लिहायचं नाही ते ठरवा, मग कुठे लिहायचं ते ठरवू.

आता ईमेल. इथे मी सविस्तर लिहितो, कारण एकदा घेतलेला निर्णय दहा वर्षं पुरतो.

पत्ता तुमच्या मालकीचा हवा. ‘अमुकतमुक ॲट जीमेल डॉट कॉम’ हा पत्ता तुमचा नाही, तो कंपनीचा आहे. स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातलं ‘ॲट’नंतरचं नाव, घ्या, ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट ऑर्ग’. ‘डॉट इन’ला वर्षाचे साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर लागतात. मग ईमेल कोणाकडेही ठेवा, उद्या कंपनी आवडेनाशी झाली तर पत्ता तोच ठेवून दुसरीकडे जाता येतं. याचं महत्त्व २०२४ मध्ये फार ठळकपणे दिसलं. स्किफ नावाची एक खासगीपणा जपणारी ईमेल सेवा होती, सुंदर बनवलेली, एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणालाही, कंपनीलाही, मजकूर वाचता न येणारी), लोकांनी मोठ्या विश्वासाने तिच्यावर घर थाटलं. फेब्रुवारीत नोशन या टिपणं आणि नियोजनाचं साधन बनवणाऱ्या कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि सहा महिन्यांत सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांचा पत्ता स्किफच्याच नावावर होता त्यांना बँक, विमा, नातेवाईक सगळ्यांना नवा पत्ता कळवत बसावं लागलं. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी डोमेनच्या दोनचार नोंदी बदलल्या आणि त्यांच्या ओळखीच्यांना काही कळलंही नाही. खासगीपणा जपणारी सेवा टिकेलच असं नसतं. नियोजनातही तेच: वंडरलिस्ट ही कामांच्या याद्यांची फार लोकप्रिय सोय मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतली आणि २०२० मध्ये बंद केली.

डोमेन घेताना एक काळजी घ्या. ते संस्थेच्या नावावर हवं. एखादा हौशी कार्यकर्ता किंवा कोणाचा तरी भाचा ‘मी करून देतो’ म्हणतो, स्वतःच्या ईमेलवर डोमेन नोंदवतो आणि दोन वर्षांनी बंगलोरला नोकरीला जातो. नूतनीकरणाची आठवण त्याच्या खात्यात जाते, इकडे संस्थेची ईमेल एका सकाळी बंद पडते. डोमेन विकणाऱ्याकडच्या खात्याला जो ईमेल पत्ता द्याल तो मात्र त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन अडकलं तर सोडवण्याची चिठ्ठीही त्याच बंद पेटीत येईल. तिथे वेगळा, संस्थेच्या सचिवांकडे असलेला पत्ता द्या, आणि पैसे एकदम तीन किंवा पाच वर्षांचे भरा.

आता ईमेल कोणाकडे ठेवायची. चार प्रकार समजून घ्या.

पहिला जीमेल. जीमेल तुमची पत्रं वाचून जाहिराती दाखवतं असं अजून सर्रास म्हटलं जातं. जाहिरातींसाठी पत्रांचा मजकूर चाळणं थांबवत असल्याचं गुगलने २०१७ मध्येच जाहीर केलं. चोरांपासून खातं राखण्यात गुगल उत्तम आहे, आणि नोंदणीकृत संस्थांना ते त्यांच्या स्वतःच्या डोमेनवर मोफत खातीही देतात. माझी हरकत वेगळी आहे. त्याच एका खात्याला नकाशा, यूट्यूब, शोध, फोनचा बॅकअप सगळं जोडलेलं असतं. कार्यकर्तीच्या स्वतःच्या फोनवर संस्थेचं खातं टाकलं की तिचं घर आणि संस्थेचं काम एकमेकांत मिसळतं, आणि हे वेगळं ठेवायला जी शिस्त लागते ती सहा जणांकडून रोज पाळली जात नाही.

दुसरा प्रकार एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड सेवांचा. स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आणि जर्मनीतल्या हॅनोवरची टूटा, जी २०२३ पर्यंत टूटानोटा नावाने ओळखली जायची, या दोन मोठ्या. तुमची साठवलेली पत्रं कंपनीलाही वाचता येत नाहीत, हे त्यांचं खरं बळ. पण मर्यादा नीट समजून घ्या. प्रोटॉनवरून प्रोटॉनवर गेलेलं पत्र दोन्ही टोकांना बंद असतं. प्रोटॉनवरून जीमेलवर गेलेलं साधं पत्र मात्र समोरच्याच्या जीमेलमध्ये नेहमीसारखंच उघडं पडतं. तुमचा पत्रव्यवहार कोणाशी आहे? संरक्षण अधिकारी, वकील, पोलीस ठाणं, देणगीदार. यातलं कोणीही प्रोटॉनवर नाही. पासवर्ड लावून पत्र पाठवण्याची सोय दोन्हीकडे आहे, पण सरकारी कार्यालयातला माणूस परक्या दुव्यावर जाऊन पासवर्ड टाकून पत्र वाचेल याची शाश्वती नाही, आणि त्याने तसं करू नये असंच आपण एरवी लोकांना शिकवत असतो. शिवाय प्रोटॉनमध्ये पत्राचा विषय एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्ट होत नाही, टूटामध्ये होतो. म्हणून प्रोटॉनवर असाल तरी विषयाच्या ओळीत कोणाचंही नाव घालायचं नाही.

कायद्याचीही बाजू आहे. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटच्या जोडणीचा क्रमांक) द्यावा लागला. पत्रांचा मजकूर त्यांच्याकडे वाचण्याजोगा नव्हता म्हणून तो गेला नाही. कोणतीही कंपनी कायद्याच्या बाहेर नसते, ती जितकं कमी साठवते तितकंच कमी देऊ शकते. भारतापुरता एक धोका ध्यानात ठेवा: एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या याचिकेवर केंद्र सरकारला प्रोटॉन मेल भारतात रोखण्याची कार्यवाही करायला सांगितलं होतं. त्या कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्यांना अश्लील ईमेल आल्याचं ते प्रकरण होतं. सेवा वाईट म्हणून मी हे सांगत नाही. ज्या संस्थेचं रोजचं काम त्या पेटीवर चालतं तिने असा आदेश जमेस धरायला हवा आणि पत्रांची प्रत स्वतःकडे ठेवायला हवी.

तिसरा प्रकार पैसे घेऊन साधी, प्रामाणिक ईमेल देणाऱ्यांचा. बर्लिनची पोस्टिओ आणि मेलबॉक्स डॉट ऑर्ग, ऑस्ट्रेलियातली फास्टमेल. जाहिराती नाहीत, तुमची माहिती विकण्याचा धंदा नाही, आयमॅप या सर्वमान्य पद्धतीवर चालतात म्हणजे थंडरबर्डसारख्या कोणत्याही मेल-प्रोग्रॅममधून वापरता येतात. पोस्टिओ महिन्याला एका युरोपासून मिळते आणि व्यक्तीसाठी मी ती मनापासून सुचवतो, पण तिथे स्वतःचं डोमेन लावता येत नाही, म्हणून संस्थेला उपयोगाची नाही. मेलबॉक्स डॉट ऑर्गमध्ये डोमेन लावता येतं आणि कॅलेंडरही चांगलं आहे. अडचण पैसे भरण्याची. रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे आवर्ती पेमेंटचे नियम लागू झाल्यापासून परदेशी कंपन्यांचे महिन्याचे हप्ते भारतीय कार्डांवरून अनेकदा अडतात. असं काही घेतलंत तर वर्षाचे पैसे एकदम भरा आणि मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरवर टाका.

चौथी झोहो मेल, चेन्नईच्या कंपनीची. तीही एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड नाही. पण जाहिराती नाहीत, बिल रुपयांत आणि जीएसटीसकट मिळतं त्यामुळे तुमच्या ऑडिटरचा प्रश्न मिटतो, कॅलेंडर आणि कामांची यादी सोबत येते. पाच जणांपर्यंत स्वतःच्या डोमेनवर मोफत खाती देतात, ती फक्त ब्राउझरमधून आणि त्यांच्या ॲपमधून चालतात. सगळ्यात स्वस्त सशुल्क योजना माणशी महिन्याला शंभर रुपयांच्या आत आहे आणि तिच्यात थंडरबर्डही चालतं.

तुमच्यासाठी माझं मत: स्वतःचं डोमेन, त्यावर झोहोची सशुल्क योजना, सहा जणांची सहा वेगळी खाती आणि ‘संपर्क’ हा सामाईक पत्ता, ज्याची पत्रं ठरावीक दोघींना जातील. तुम्हाला ज्याच्यापासून माहिती राखायची आहे तो माणूस झोहोच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणार नाही. तो पोहोचेल तर कार्यकर्तीच्या फोनपर्यंत, सामाईक पासवर्डपर्यंत किंवा उघड्या लिंकपर्यंत. तुमचं काम पत्रकारितेचं असतं, किंवा सरकारविरुद्धच्या प्रकरणांचं असतं, तर मी हे उत्तर वेगळं दिलं असतं आणि टूटा किंवा प्रोटॉन पुढे केलं असतं.

मग प्रकरणाचे कागद वकिलांना कसे पाठवायचे? लिबरऑफिस मोफत आहे. त्यात अर्ज लिहा, पीडीएफ करताना उघडण्यासाठी पासवर्ड लावा, ती फाइल साध्या ईमेलने पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. त्याच पत्रात नाही, त्याच व्हॉट्सॲपवर नाही. पासवर्ड तीनचार असंबंधित मराठी शब्दांचा, रोमन अक्षरांत सलग लिहिलेला असावा; जन्मतारीख किंवा प्रकरण क्रमांक नको. समोरच्याला काहीही नवं शिकावं लागत नाही, म्हणून ही पद्धत टिकते.

स्वतःचा मेल-सर्व्हर चालवण्याच्या भानगडीत पडू नका, कोणी कितीही हौसेने सुचवलं तरी. गावातल्या ब्रॉडबँडवरून किंवा स्वस्त सर्व्हरवरून गेलेली पत्रं थेट स्पॅममध्ये जातात, आणि २०२४ पासून जीमेल व याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी कडक केले आहेत. तुमच्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी हव्यात, पत्र खरंच तुमच्याकडून आलं आहे हे त्यांवरून ओळखलं जातं. झोहो त्या कशा घालायच्या ते पायरीपायरीने दाखवतं, अर्ध्या तासाचं काम आहे. या नोंदी नसतील तर तुमच्या नावाने दुसरं कोणीही पत्र पाठवू शकतं, आणि तुमच्या क्षेत्रात ते फार घातक.

नियोजनाकडे येते वेळी बरंच काम झालेलं आहे, कारण लिहायचंच थोडं उरलं आहे. भेटींसाठी झोहोचं कॅलेंडर पुरेल: सामाईक एकच, त्यात क्रमांक, वेळ, खोली. कॅलेंडरची ‘सार्वजनिक लिंक’ काढू नका. अँड्रॉइडवर डॅव्हएक्स५ हे ॲप टाकलं तर हेच कॅलेंडर फोनच्या साध्या कॅलेंडरमध्ये दिसतं, कारण झोहो कॅलडॅव्ह ही खुली पद्धत पाळतं. प्रोटॉन आणि टूटाची कॅलेंडरं ती पाळत नाहीत, त्यांना त्यांचीच ॲप लागतात. उद्या जागा बदलायची झाली तर हा फरक जाणवतो.

चर्चेची टिपणं, कार्यक्रमांची तयारी, कोणी काय करायचं याची पाटी, अनुदानाच्या अर्जाचा कच्चा मसुदा, यांसाठी क्रिप्टपॅड बघा. फ्रान्समधल्या कंपनीने बनवलेलं, खुल्या कोडचं. लेख, तक्ते, पाटी, प्रश्नावली सगळं ब्राउझरमध्ये, आणि मजकूर ब्राउझरमध्येच बंद होऊन मग सर्व्हरवर जातो. नोंदणी केली की मोफत १ जीबी जागा मिळते. याची यंत्रणा समजून घ्या, कारण धोका तिच्यातच आहे. कागद शेअर केला की लिंकमध्ये ‘हॅश’ चिन्हानंतर जी लांबलचक अक्षरं येतात ती किल्ली असते. ब्राउझर तो भाग सर्व्हरला पाठवतच नाही, म्हणून क्रिप्टपॅडवाल्यांनाही मजकूर वाचता येत नाही. पण ती लिंक ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे किल्ली गेली. म्हणून लिंक ग्रुपवर टाकायची नाही. सहाही जणांनी खाती उघडायची आणि एका सामाईक टीममध्ये कागद ठेवायचे. पासवर्ड विसरलात तर कंपनी तो परत देऊ शकत नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. नोंदणी न करता बनवलेले आणि नंतर कोणी न उघडलेले कागद ९० दिवसांनी पुसले जातात. देवनागरी लिहायला अडचण नाही. फोनवर मात्र तक्ते जड वाटतात, ते काम संगणकावरच करा.

बैठकीची तारीख ठरवायला फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेचं फ्रामाडेट आहे, नोंदणी न करता चालतं. सहा जणांना त्याची गरज नाही, फोन करा. विश्वस्तांची बैठक असेल तेव्हा उपयोगी पडेल.

ग्रुपवरचं बोलणं सिग्नल या मेसेजच्या ॲपवर न्या. मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत आठवड्याची ठेवा आणि लॉक पडद्यावर मजकूर दिसू नये ही सेटिंग सहाही फोनवर स्वतः बसून करा. व्हॉट्सॲपचा मजकूरही एन्ड-टू-एन्ड असतो हे खरं, पण त्याचा बॅकअप तुम्ही मुद्दाम एन्क्रिप्ट केला नसेल तर तो गुगलच्या खात्यात साध्या रूपात जाऊन पडतो.

तुमच्या नकळत पेटीत शिरणाऱ्यांबद्दल थोडं. कोणतंही नवं ॲप ‘ईमेल जोडा, आम्ही आवरून देतो’ म्हणालं तर नाही म्हणा. अनरोल डॉट मी नावाची अशीच एक सेवा जाहिरातींची पत्रं बंद करून द्यायची. तिच्या मालक कंपनीने लोकांच्या पेट्यांतल्या लिफ्ट या उबरच्या प्रतिस्पर्धी टॅक्सी सेवेच्या पावत्यांमधली माहिती नावं काढून उबरला विकल्याचं २०१७ मध्ये उघड झालं. लोकांनी परवानगी दिलेली होती, फक्त ती कशाची हे वाचलेलं नव्हतं. पत्रांतली बाहेरून येणारी चित्रं आपोआप उघडणार नाहीत अशी सेटिंग करा, कारण एका ठिपक्याएवढ्या चित्रातून पत्र कधी आणि कुठून उघडलं हे पाठवणाऱ्याला कळतं. आणि तुम्ही देणगीदारांना वार्तापत्र पाठवत असाल तर त्यातलं ‘कोणी उघडलं’ हे मोजणं तुम्हीही बंद करा. पुढे एखादं अँड्रॉइड ॲप घ्यायचं झालं तर त्याचं नाव एक्सोडस प्रायव्हसीवर शोधा. ही फ्रेंच संस्था ॲपमध्ये कोणकोणते माग काढणारे घटक सापडले ते दाखवते.

पासवर्डांबद्दल. सामाईक पासवर्ड आजपासून बंद. प्रत्येकीने पासवर्ड सांभाळणाऱ्या बिटवॉर्डनचं मोफत खातं घ्यावं आणि ईमेलला दुसरी पायरी (पासवर्डनंतर विचारला जाणारा कोड) लावावी, एसएमएसने नव्हे तर कोड तयार करणाऱ्या एजिससारख्या ॲपने, कारण सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे हाही तुमच्या क्षेत्रात गंभीर प्रश्न आहे. आपत्कालीन कोड कागदावर छापून त्याच कुलपाच्या कपाटात ठेवा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतात, आणि तो फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही. या स्त्रियांची माहिती तुम्ही संगणकावर ठेवता तेव्हा जबाबदारी तुमची असते: संमती घेणं, कारण संपल्यावर माहिती पुसणं, गळती झाली तर कळवणं. तुमच्या विश्वस्तांपैकी कोणी वकील असतील तर त्यांच्याकडून एक पानाचं धोरण लिहून घ्या. रकाने कमी करण्याला विश्वस्तांचा विरोध झालाच तर हा कायदा त्यांच्यापुढे ठेवा, तो तुमच्या बाजूचा आहे.

जुन्या जीमेलचं काय करायचं? नव्या पत्त्याची सोय लागली की गुगल टेकआउट या खात्यातली माहिती उतरवून देणाऱ्या सोयीतून सगळी पत्रं एका फाइलमध्ये उतरवा, थंडरबर्डमध्ये उघडून तपासा आणि एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवा. मग खात्यातली प्रकरणांची पत्रं पुसा आणि कचरापेटीही रिकामी करा. खातं वर्षभर बंद करू नका, बँका आणि सरकारी पोर्टल तिकडेच आठवणी पाठवत राहतात. एकेकाला नवा पत्ता देत जा. पासवर्ड मात्र आजच बदला आणि गुगल खात्याच्या सुरक्षेच्या भागात जाऊन ते खातं बाकीच्या उपकरणांतून बाहेर काढा. कोणकोणत्या फोनमध्ये ते खातं अजून उघडं होतं त्याची यादी तिथेच दिसते, ती एकदा बसून वाचा.

शेवटचं, कोणी काम सोडून जाईल त्या दिवसाबद्दल. त्याच दिवशी तिचं ईमेल खातं बंद करून पत्रं दुसऱ्या कार्यकर्तीकडे वळवा, क्रिप्टपॅडच्या टीममधून आणि सिग्नलच्या ग्रुपमधून नाव काढा, तिच्या फोनमधून संस्थेचं खातं तिच्यासमोरच काढून टाका, डोमेनच्या खात्याचा पासवर्ड तिला माहीत असेल तर बदला. ही चार कामं कागदावर लिहून नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, आणि ती कोणी करायची त्या व्यक्तीचं नावही खाली लिहा.